आज कोण आलं नाही?

उपासनेची घंटा झाली, लोक बसले, की पाळकाला आलेल्यांच्या आधी न आलेले दिसतात. तिसऱ्या बाकाच्या कडेला बसणारे निवृत्त मास्तर आज नाहीत. तबल्यावर मुलगा आहे, पण त्याची आई दिसत नाही. आधी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि नंतर पुण्यात पाळक म्हणून सेवा करताना माझ्या डोळ्यांना हे वळण लागलं. ख्रिस्ती माणसानं नेमानं चर्चला का जावं, असं कुणी विचारलं की मी या रिकाम्या जागांपासूनच बोलायला लागतो.

तरुण मुलं विचारतात, "देव सगळीकडे आहे, बायबल मोबाइलवर आहे, मग दर रविवारी चर्चलाच कशाला यायचं, पाळकसाहेब?" प्रश्न प्रामाणिक आहे. प्रभू येशूनं खोलीचं दार लावून प्रार्थना करायला शिकवलं, हे खरंच. पण शब्बाथवारी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सभास्थानात जाणाराही तोच, ही नोंद लूकनं करून ठेवली आहे. तिथं त्याला कुणाकडून काही शिकायचं राहिलं होतं, म्हणून तो जात नव्हता.

इसवी सन १५५च्या सुमारास जस्टिन मार्टर यानं रोमच्या सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या बाजूनं एक निवेदन लिहिलं. रविवारी हे लोक नेमकं काय करतात, ते त्यात सांगितलं आहे. शहरातले आणि आसपासच्या खेड्यांतले लोक एका ठिकाणी जमतात. वेळ असेल तितकं शास्त्रवाचन होतं, पुढारी बोध करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, मग भाकर आणि द्राक्षारस. जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परक्या मुलखातून आलेल्यांसाठी वापरलं जातं. हे सगळं आजही आमच्याकडे तसंच चालतं. मला मात्र त्यातलं एक वाक्य फार मोलाचं वाटतं: ज्यांना येता आलं नाही, त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी नेऊन देतात. कोण आलं नाही हे मंडळीला ठाऊक असल्याशिवाय असा वाटा पोहोचवता येत नाही. आणि जो कधीतरीच येतो, तो आला नाही हे कळायला काही मार्गच नसतो.

इसवी सन ३०४ मध्ये, सम्राट डायोक्लेशनच्या छळाच्या काळात, आजच्या ट्युनिशियातल्या अबितिना गावचे ४९ ख्रिस्ती बंदी असताना एका घरात उपासनेला जमले म्हणून पकडले गेले. त्यांना कार्थेजला नेऊन न्यायाधीशापुढे उभं केलं. रविवारच्या उपासनेशिवाय आम्हाला जगताच येत नाही, असं त्यांनी तिथं सांगितलं. घरी बसून देवाचं नाव घेणं त्यांनाही शक्य होतं.

आता माझ्यासमोर घडलेलं सांगतो. आमच्या मंडळीतल्या एका बाईंचा नवरा अचानक गेला. मातीनंतरच्या पहिल्याच रविवारी त्या आल्या आणि नेहमीच्या जागी बसल्या. पहिलं गीत सुरू झालं. त्यांच्या हातात 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडं होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. शेजारच्या दोघी मोठ्यानं गात राहिल्या. एकीनं पुस्तकाखाली स्वतःचा हात धरला, कारण बाईंचा हात थरथरत होता. हे पुष्कळ रविवार चाललं. मग एकदा दुसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज लागला. माझ्या कुठल्याही संदेशानं हे साधलं नसतं. स्वतःचा विश्वास पुरत नाही अशा दिवशी शेजारणीचा विश्वास उसना मिळतो. तो मिळायला शेजारीण ओळखीची लागते, आणि ती ओळख वर्षानुवर्षं एका ओळीत बसूनच होते.

शिवाय घरी आपण आवडीचंच वाचतो. मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र सगळ्यांना पाठ असतं, पण आमोस संदेष्ट्याचा गरिबांच्या पिळवणुकीवरचा कोप कुणी आपणहून काढून वाचत नाही. बऱ्याच मंडळ्यांमध्ये वाचनांचा तीन वर्षांचा क्रम असतो: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान सणासुदीला तिन्ही वर्षांत. नेमानं येणाऱ्याच्या कानावर नको असलेलं वचनही पडतं. माझ्या मते तेच जास्त कामाचं असतं.

चर्चला न जाण्याचं समर्थन करताना आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव हमखास निघतं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही जागा होती. चर्चच्या परदेशी वळणाचा त्यांना जाच होत होता, हे मान्यच करायला हवं. पण टिळक एकटे कोपऱ्यात जाऊन बसले नाहीत. त्यांनी दरबार भरवला, म्हणजे पुन्हा माणसंच जमवली. त्यांनी रचलेली भजनं शंभर वर्षांनंतरही टिकली ती कुणाच्या जोरावर? खेड्यातल्या अक्षरओळख नसलेल्या आज्यांच्या. रविवारी जाजमावर बसून, टाळाच्या ठेक्यावर त्या ती गात आल्या. आजी गाते ते मांडीवरचं नातवंड ऐकतं, आणि दहा वर्षांनी तेच पेटीवर बसतं.

२०२०च्या मार्चमध्ये चर्चची दारं बंद झाली. आम्ही मोबाइलवर उपासना घेतल्या. अंथरुणाला खिळलेल्यांना त्याचा फार आधार झाला, आणि त्यांच्यासाठी आम्ही ती सोय आजही ठेवली आहे. पण प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोहोचायचा, त्यामुळे गाणं एकत्र गाताच येईना. एकानं गायचं आणि बाकीच्यांनी आवाज बंद ठेवून ऐकायचं, एवढंच उरलं. राज्यातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. पुढच्या रविवारी मास्क लावून, अंतर राखून लोक बसले. काही जागा आता भरणारच नव्हत्या. आम्ही गेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचली. त्या माणसांची नेहमीची जागा कुठली, हे सगळ्यांना माहीत होतं. पोरंसुद्धा वळून नेमकी तिकडेच बघत होती.

नेम म्हणजे हजेरीपट नव्हे, हे मला खेड्यांनी शिकवलं. दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी घरं उचल घेऊन कोयत्यावर जातात. ऊसतोडीच्या फडावर रविवार असतो कुठला? रुग्णालयात रविवारी ड्यूटी करणाऱ्या नर्सताईंचंही तसंच. त्यांना कुणी बोल लावू नये. त्यांच्यासाठी मागे राहिलेल्यांनी नाव घेऊन प्रार्थना करायची, म्हाताऱ्या आईबापांकडे बघायचं. साखर कारखान्याची गव्हाण बंद झाल्यावर ती माणसं परततात तेव्हा आपली जागा कुणीतरी राखून ठेवलेली त्यांना दिसली पाहिजे.

या नेमाकडे संशोधकांनीही पाहिलं आहे. अमेरिकेत सुमारे ७४ हजार नर्सेसच्या प्रकृतीचा सोळा वर्षं अभ्यास झाला आणि २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळातलं मृत्यूचं प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी आढळलं. मला याचं नवल वाटत नाही. आपली वाट पाहणारं कुणी असणं प्रकृतीला मानवतंच. तरी आयुष्य वाढतं म्हणून चर्चला या, असं मी सांगणार नाही. आम्ही जमतो ते मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूची उपासना करायला.

लोक दुरावतात त्यात मंडळ्यांचाही दोष आहे. मालमत्तेचे खटले, कमिटीच्या निवडणुकीतले गट, नव्या माणसाला जातीवरून, कपड्यांवरून जोखणाऱ्या नजरा: हे पाहून माणूस परत फिरला तर त्याला अश्रद्ध म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. आणि तीन रविवार कुणी दिसलं नाही, तरी एकाही घरातून फोन गेला नाही, तर त्या मंडळीत येऊन तरी त्यानं काय करायचं? माझ्या पाळकबंधूंना आणि वडीलजनांना माझं हेच सांगणं आहे की उपासना सुटल्यावर दारात उभं राहून हात मिळवून झाले, की न आलेल्यांची नावं लिहून काढा आणि त्याच दिवशी त्यांच्याकडे जा.

वाचकांपैकी जे ख्रिस्ती आहेत आणि चर्चची सवय तुटली आहे, त्यांना एक विनंती. नाताळला तुम्ही याल, नवे कपडे घालून याल, आनंदच आहे. पण नाताळच्या आधीचे आगमनकाळाचे चार रविवार दिवाळीनंतर थोड्याच आठवड्यांत सुरू होतात. त्या चारही रविवारी या. घराजवळ एखाद्या आजी एकट्या राहत असतील, तर त्यांना रिक्षात बसवून सोबत आणा.