सलव्यातला जांभळा फोटो



कुवेत शहराच्या दक्षिणेला, समुद्राला लागून सलवा नावाची वस्ती आहे. २००६ च्या सप्टेंबरात मी तिथे बारा दिवस राहिले. माझी मैत्रीण तिथे तिच्या मुलाकडे राहत होती. मुंबईला नर्सिंग शिकताना आम्ही दोघी एका खोलीत होतो. पुढे मी लंडनला आले, आणि तेहेतीस वर्षं आमची गाठ पडली नाही. म्हणून माझा लाडका डिजिटल कॅमेरा आठवणीने बरोबर घेतला. निवृत्त झाले तेव्हा मुलांनी दिलेला. पर्समध्ये मावायचा.

सलव्यात पत्ता सांगायचा तर आधी ब्लॉकचा नंबर, मग रस्ता, मग घर. दोन-तीन मजली घरं, कुंपणात खजुराची झाडं. सामान आणायला जमिया, म्हणजे सहकारी भांडार. इराणी भट्टीवर संध्याकाळी गरम रोट्यांसाठी रांग लागायची. मैत्रीण त्या रोटीबरोबर बोंबलाची चटणी खायची! १९६१ पर्यंत कुवेतात रुपयाच चालत असे, हेही मला तिच्याकडूनच कळलं.

वाळवंट म्हणजे कोरडी हवा, असा माझा समज. पण सप्टेंबरात समुद्रावरून वारा आला की अगदी मुंबईसारखा घाम. एसीतून बाहेर पडलं की चष्म्यावर धुकं आणि कॅमेऱ्याच्या भिंगावरही. ते थोड्या वेळाने आपोआप जातं.

नवव्या दिवशी संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. तिला कठड्यापाशी उभी केली, बटण दाबलं, आणि पडद्यावर नुसत्या जांभळ्या रेघा! मला वाटलं, धुकं असेल. थांबले, पुन्हा काढला. तेच.

ती बघून म्हणाली, “अगं, मी एवढी जांभळी झाले का?”

हसलो, पण माझ्या पोटात गोळा आला. आदल्या आठ दिवसांचे फोटो गेले की काय? मग नर्सची सवय कामाला आली. जुने फोटो उघडून पाहिले, तर सगळे स्वच्छ. म्हणजे पडदा चांगला, कार्डही चांगलं. बिघाड होता तो बघण्यातच. बालमित्रांनो, डोळा स्वच्छ आहे पण डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस तुटली, तर कसं होईल? तसंच काहीसं.

दुसऱ्या दिवशी साल्मियातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “कार्ड फॉरमॅट करून बघू.” मी म्हटलं, “हात लावायचा नाही!” आणि कार्ड काढून पर्समध्ये टाकलं. आधी पेशंट वाचवायचा, खोलीची साफसफाई नंतर. मग तो म्हणाला, नवीनच घ्या. मी घेतला नाही. चुकलंच माझं.

घरी मैत्रिणीच्या मुलाने इंटरनेटवर शोधलं. माझ्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी चकती होती, तिला सीसीडी म्हणतात. तिच्या आतल्या बारीक तारांचे जोड उष्ण, दमट हवेत सुटू शकतात, असं २००५ मध्ये कॅमेरे बनवणाऱ्या कितीतरी जपानी कंपन्यांनी जाहीर केलं होतं. ठराविक मॉडेलना मुदत संपली तरी दुरुस्ती फुकट होती. माझं मॉडेल त्या यादीत निघालं. लंडनला परतल्यावर कॅमेरा पाठवला, पाच आठवड्यांनी नवी चकती बसून आला. बिल शून्य.

पण सलव्यातले शेवटचे तीन दिवस कॅमेऱ्याविना गेले. विमानतळावर ती मला सोडायला आली, तिने माझी नऊवारी नेसली होती. आईची होती ती, मीच तिला दिली होती. तिचा फोटो नाही. “पुढच्या वर्षी काढू,” असं ती म्हणाली. २००८ च्या जानेवारीत तिच्या मुलाचा फोन आला. मधल्या वर्षी माझंच ऑपरेशन झालं म्हणून मी जाऊ शकले नव्हते.

कार्डावर तिचे एकूण सव्वीस फोटो आहेत. स्वयंपाकघरात, जमियाच्या दारात, रोट्यांच्या रांगेत. आणि सत्ताविसावा तो जांभळा. नातीने कॉम्प्युटरवर घेताना विचारलं, “आजी, हा खराब आहे, काढून टाकू?”

नीट पाहिलं तर रेघांमधून कठडा दिसतो, आणि त्यावर टेकलेला तिचा हात. मी तिला म्हटलं, राहू दे.