दारावरची थाप

व्यत्यय म्हटला की आपल्या कपाळाला आठी पडते; संगणकाचे मात्र त्यावाचून चालत नाही. माउस हलला की प्रोसेसरच्या दारावर थाप पडते. तिचेच नाव इंटरप्ट.

अंजनगाव सुर्जीला ताईच्या पानपिंपरीच्या मळ्याचा हिशेब भाच्याच्या लिनक्सवाल्या लॅपटॉपवर असतो. दिवाळीआधी मजुरी चुकती करायची, अन् माउस मेला! भाच्याने इंटरप्टांची यादी उघडली. कार्डरीडर सारख्या थापा मारीत होता. लाखातल्या ९९,९०० हून अधिक थापा बेवारशी निघाल्या, की लिनक्स ‘कुणालाच पर्वा नाही’ असा शेरा मारून ते दारच लावून घेते. माउसही त्याच दाराने येणारा! भाच्याने बायॉसमध्ये कार्डरीडर बंद केला. मजुरी वेळेवर हातावर पडली.

आपणही ओरडणाऱ्याला कंटाळून दार लावतो. त्याच्यामागे मुकाट कोण उभे आहे, ते मात्र पाहत नाही.