उमेदवारीचे वर्ष

'उमेदवार' हा शब्द आज निवडणुकीच्या धामधुमीतच काय तो कानांवर पडतो. आमच्या आजोबांच्या पिढीत त्याचा अर्थ निराळा होता. छापखान्यात, सुताराच्या हाताखाली, वकिलाच्या कचेरीत किंवा रेल्वेच्या कारखान्यात काम शिकायला राहिलेला होतकरू मुलगा म्हणजे उमेदवार. पगार नाममात्र, कधी तोही नाही. पण पुढे आपणही आपल्या कामात तरबेज होऊ ही उमेद मोठी. वसईच्या वाडीत तर एवढ्याही नावाची गरज नव्हती. केळीची पिले केव्हा काढावीत, पाण्याची पाळी कशी राखावी, हे बापाच्या मागे फिरता फिरता पोराला आपोआप उमगत असे. पुढे शाळा आल्या, महाविद्यालये आली, आणि शिकण्याचे वय व काम करण्याचे वय यांच्यामध्ये एक भिंत उभी राहिली. ही भिंत पुरी होण्यापूर्वी तिला एक खिडकी ठेवावी, असा विचार काही शिक्षकांच्या मनात आला. त्या खिडकीशी आमची गाठ पडली ती २०१८ साली, आमच्या मुलीमुळे.

आम्ही उभयता २००१ साली वसईहून इंग्लंडात आलो. आमच्यापैकी एक रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, दुसरा एका गोदामात मालाचा हिशेब ठेवणारा. मुलगी संगणकशास्त्राच्या पदवीला बसली तेव्हा तिने चार वर्षांचा अभ्यासक्रम निवडला. पहिली दोन वर्षे विद्यापीठात, तिसरे वर्ष एखाद्या कंपनीत नोकरी आणि चौथ्या वर्षी पुन्हा विद्यापीठ. आपल्याकडे 'प्लेसमेंट' म्हटले की पदवीनंतरची नोकरी डोळ्यांसमोर येते. इकडे तोच शब्द शिक्षणाच्या मधल्या या वर्षाला लावतात. अशा अभ्यासक्रमाला तर इंग्रज चक्क 'सँडविच' म्हणतो!

नाव गमतीचे असले तरी परंपरा जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९०३ साली संडरलंडच्या तंत्रमहाविद्यालयाने अभियांत्रिकीसाठी ही पद्धत सुरू केली. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकांनी १९०६ साली २७ विद्यार्थी घेऊन असाच प्रयोग केला. मुले आळीपाळीने एक आठवडा वर्गात आणि एक आठवडा कारखान्यात जात. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ पासून हाच आपला पाया मानला. इंग्लंडात ब्रुनेल, सरे, बाथ, लफबरो, अॅस्टन ही १९६६ साली विद्यापीठपदाला पोहोचलेली तंत्रमहाविद्यालये याच वळणाची. आणि आपल्या देशात पिलानीच्या बिट्स संस्थेने १९७३ साली 'प्रॅक्टिस स्कूल' सुरू केले, तेही याच गोत्रातले.

मात्र विद्यापीठ कामाची जागा ताटात वाढून देत नाही. ती विद्यार्थ्यानेच शोधायची असते. दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरपासून ही धावपळ सुरू झाली. अर्ज, मग संगणकावरची परीक्षा, मग कॅमेऱ्यासमोर एकटीने बसून दिलेली मुलाखत, आणि त्यातून तरलात तर दिवसभराची निवडचाचणी. आमच्या मुलीने ३४ अर्ज केले. काहींनी नम्रपणे नकार कळवला, बऱ्याच जणांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. जुलैपर्यंत जागा मिळाली नाही तर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात नाव बदलून घ्यायचे, असे ठरले होते. शाळेत नेहमी पहिली येणारी मुलगी नकाराची पत्रे वाचून मुकाट्याने ताट पुढ्यात ओढी, तेव्हा आम्हा दोघांना काय बोलावे ते सुचत नसे. मार्चमध्ये रेडिंग शहराजवळच्या एका मोठ्या संगणक कंपनीने तिला घेतले. तिच्याच वर्गातील एका हुशार मुलाने जवळजवळ तितकेच अर्ज केले होते. त्याला जागा मिळाली नाही. हे मुद्दाम नोंदवतो, कारण अशा निवडीत गुणांबरोबर योगायोगाचाही वाटा असतो.

रेडिंग हे एके काळी बिस्किटांचे गाव. १८२२ साली तिथे सुरू झालेला हंटली अँड पामर्सचा कारखाना पुढे जगात सर्वांत मोठा म्हणून गाजला. १९७६ साली तिथले उत्पादन थांबले. आज त्याच परिसरात काचेच्या भिंतींची संगणक कंपन्यांची कार्यालये दिसतात. गावाची भट्टी बदलली, तरी सकाळी वेळेवर हजर राहण्याचा नियम तोच राहिला.

पहिले सहा आठवडे कठीण गेले. विद्यापीठात प्रश्न दोन पानांचा असतो आणि त्याचे उत्तर कुणाला तरी ठाऊक असते. इथे लाखो ओळींची आज्ञावली तिच्यासमोर होती. त्यातील काही भाग तिच्या जन्माआधी लिहिलेला, आणि लिहिणारे केव्हाच निवृत्त झालेले. रोज सकाळी दहाबारा जण उभ्याउभ्याच पंधरा मिनिटे बोलत: काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले. पहिल्या महिन्यात ती एवढेच म्हणे, "काम चालू आहे." एके दिवशी तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितले, की अडल्यावर अर्धा तास स्वतः प्रयत्न करावा, आणि मग उठून कुणाला तरी विचारावे, न विचारता दोन दिवस घालवणे हे इथे परवडत नाही. त्या रात्री फोनवर ती म्हणाली, "डॅडी, मला आजवर कुणी विचारायला शिकवलंच नव्हतं. सगळ्यांनी उत्तर द्यायलाच शिकवलं."

ऑक्टोबरअखेर एक छोटीशी गोष्ट घडली. ब्रिटनमध्ये त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळे एक तास मागे घेतात. म्हणजे एक ते दोन हा तास त्या रात्री दोनदा येतो. २९ ऑक्टोबर २०१८ च्या सोमवारी कंपनीतील एका अहवालात रविवारची बेरीज जुळेना. लोक यंत्रात दोष शोधू लागले. आमच्या मुलीला मात्र वसईची आजी आठवली. उन्हाळ्यात इंग्लंड आणि भारत यांच्या वेळेत साडेचार तासांचे अंतर असते, हिवाळ्यात साडेपाच तासांचे. त्यामुळे दर वर्षी त्या रविवारी आमचा फोन आजीला तासभर उशिरा पोहोचतो, आणि दर वर्षी ती न चुकता विचारते, "आज का गो उशीर?" दोनदा आलेला तो तास अहवालाने एकच धरला होता. आज्ञावलीत सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेनुसार साठवायच्या आणि फक्त पडद्यावर दाखवताना स्थानिक वेळेत बदलायच्या, हा त्यावरचा उपाय. तिने लिहिलेल्या ओळी होत्या अकरा.

अकरा ओळींना तीन दिवस लागले आणि त्या मंजूर व्हायला दोन आठवडे. कारण तिथे कुणाचेही लेखन, मग तो वीस वर्षांचा अनुभवी का असेना, दोन सहकाऱ्यांनी वाचल्याशिवाय मुख्य आज्ञावलीत जात नाही. कुणी म्हणाले नाव बदला, कुणी म्हणाले चाचण्या वाढवा. वसंतात घड्याळे पुढे जातात तेव्हा एक तास नाहीसाच होतो, त्याचे काय, असेही एकाने विचारले. प्रथम तिला हा अपमान वाटला. पुढे ती स्वतः इतरांचे लेखन वाचू लागली तेव्हा तिच्या ध्यानात आले की ही तपासणी माणसाची नसते, कामाची असते. अनेकांच्या हातून गेलेले काम कुणा एकाच्या आजारपणाने किंवा निरोपाने थांबत नाही.

आणि निरोप तर तिचा ठरलेलाच होता. ऑगस्ट २०१९ मध्ये वर्ष संपले. शेवटचे दोन आठवडे तिने नवे काही केले नाही. तिच्या जागी येणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्यासाठी टिपणे लिहिली. काय अपुरे आहे, कुठे जपून जावे, कोणाला काय विचारावे. कंपनीने पदवीनंतर परत येण्याचे निमंत्रण दिले होते. दरमहा हाती येणाऱ्या पगाराची सवय झालेल्या मुलीला पुन्हा वर्गात बसणे जड जाणार, आता शिक्षण अर्धवट राहते की काय, ही धास्ती आम्हाला होती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. पण ती गेली. २०२० साली टाळेबंदीत, आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून तिने शेवटची परीक्षा दिली.

त्या अकरा ओळींची खरी कसोटी मात्र तिच्या पश्चात लागली. घड्याळे पुन्हा मागे गेली ती २७ ऑक्टोबर २०१९ रोजी. तेव्हा ती विद्यापीठात परतली होती. सोमवारी तिच्या जागी आलेल्या मुलाचा संदेश आला: बेरीज बरोबर आली. आमच्या वाडीतला नारळ लावणारा त्याचे पाणी पिईलच असे नाही, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. आमच्या मुलीला ते एका कार्यालयात एका वर्षात कळले, याचे आम्हाला त्या पगारापेक्षा जास्त समाधान वाटले.

आता वसईतील, मुंबईतील आमच्या नात्यातली मुले 'इंटर्नशिप' शोधू लागली आहेत आणि त्यांचे आईबाप आम्हाला विचारतात. त्यांना आम्ही चारच गोष्टी चौकशी करायला सांगतो. काम शिकवणारे एक ठरलेले माणूस तिथे आहे काय? मुलाच्या हाती खरे काम देणार, की नुसती कागदपत्रे? विद्यापीठ या काळाची पदवीत नोंद घेते काय? आणि पगार किती, तो भाड्याला पुरतो काय? चौथा प्रश्न विचारायला संकोच करू नये. ब्रिटनमध्येसुद्धा अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या एक वर्षापर्यंतच्या अशा कामाला किमान वेतनाचा कायदा लागू नाही. मोठ्या संगणक कंपन्या चांगला पगार देतात, सगळीकडे तसे नसते. विद्यापीठाचे शुल्क त्या वर्षी पाचव्या हिश्शापर्यंत उतरते खरे, पण खोलीचे भाडे उतरत नाही. ज्याच्या पाठीशी घर नाही त्या मुलाला ही खिडकी उघडी असूनही बंद राहू शकते.

पूर्वीच्या उमेदवाराला घर दोन वेळचे जेवण देत असे, म्हणून तो बिनपगारी शिकू शकला. आजच्या उमेदवारालाही कुणी तरी ते द्यावे लागते. ज्या कुटुंबांना शक्य आहे त्यांनी आपल्या मुलाबरोबर शेजारच्या, आळीतल्या एखाद्या मुलाचीही वर्षभराची राहण्याची सोय पाहिली, तर ही उमेद चार घरांत पोहोचेल.