पाणी वाटणारी धार

२६ मे, मल्हारगड

ऊन तापायच्या आत वर पोचायचं म्हणून झुंजुमुंजूलाच सोनोरी सोडलं. बरोबर शेजारचा अकरावीतला मुलगा. त्याला गड बघायचा होता, मला गडाखालचा डोंगर. वैशाखातला माळ पार सोलून निघाल्यासारखा दिसत होता. गवत चरून संपलेलं, हेकळीची काटेरी झुडपं तेवढी तग धरून. वाटेत एका दगडावर सरडा बसला होता. गळ्याखालची निळीजांभळी पिशवी फुगवायचा, मिटायचा, पुन्हा फुगवायचा. पावसाआधीचे हे दिवस या नरांचे मादीला बोलावण्याचे. आपल्याला उजाड वाटणारा खडकाळ माळ हेच त्यांचं भरलेलं घर. तिथे झाडं लावून गर्दी केली तर त्यांना जागा उरणार नाही.

मल्हारगड छोटा आहे, तासाभरात बघून होतो. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी तो १७५७ ते १७६०च्या दरम्यान बांधला. महाराष्ट्रात सर्वांत शेवटी बांधलेला किल्ला म्हणून त्याचं नाव घेतात. कामगिरी दिवेघाटावर नजर ठेवण्याची. बालेकिल्ल्यात खंडोबा आणि महादेव शेजारी-शेजारी. खाली सोनोरीत पानशांची गढी आहे, मुरलीधराचं देऊळ आहे.

मुलाला तटावरून दोन्हीकडे बघायला सांगितलं. उत्तरेला पुण्याच्या इमारती धुरकट हवेत उभ्या. दक्षिणेला कऱ्हेचं खोरं आणि त्यापलीकडे पुरंदर-वज्रगडाची जोडी. आपण उभे आहोत ती भुलेश्वराची रांग. सिंहगडाकडून निघते, कात्रज, दिवेघाट, मल्हारगड करत पूर्वेला भुलेश्वरापाशी विरते. इथे पडलेला पाऊस उत्तरेला वळला तर मुळा-मुठेला मिळतो, दक्षिणेला वळला तर कऱ्हेला. एवढ्या अरुंद जागेवर पाण्याची वाटणी होते! यंदाचा पावसाळा या धारेवर आणि तिच्या पायथ्याला हिंडून बघायचा, असं तिथेच ठरवलं.

१३ जून, झेंडेवाडीच्या बाजूला

काल संध्याकाळी पहिला मोठा पाऊस झाला. आज उतारावर त्याच्या खुणा ताज्या होत्या. या डोंगराची घडण पायऱ्यापायऱ्यांची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्यातून दख्खनचा हा सगळा फत्तर झाला. एक थर काळा, घट्ट, उभ्या भेगांचा. त्याखाली बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा मऊ थर. कुठे कुठे मध्ये विटकरी मातीचा पट्टा. पोकळ्यांत पांढरे स्फटिक चमकतात, पोरं ते खिशात भरतात. पाणी भेगांतून मुरतं, मऊ थरात साठतं, खाली घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि कड्याच्या पायाशी झरा होऊन बाहेर येतं. पायथ्याच्या विहिरींना पाणी येतं ते या वाटेने, आणि म्हणून ते मुरायला वेळ मिळणं महत्त्वाचं.

दोन ओघळ बघितले. एकाच्या वर उतार उघडा होता. तिथलं पाणी लालभडक होऊन धावलेलं, खडी आणि माती थेट शेतात आणून टाकलेली. दुसऱ्याच्या वर उताराला आडवे सलग समतल चर खणलेले. ते काठोकाठ भरले होते आणि खालचा ओढा अजून कोरडा होता. कोरडा ओढा बघून आनंद व्हावा असे दिवस क्वचितच येतात. पाणी डोंगराच्या पोटात उतरत होतं.

२ जुलै, दिवेघाट

आज ज्येष्ठातली वद्य एकादशी. माउलींची पालखी पुण्याहून निघून घाट चढली. वडकीकडून येणारी गर्दी वळणावळणाने वर सरकत होती, खाली पेशवेकालीन मस्तानी तलाव दिसत होता. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. शेतकरी आपापल्या जोड्या घेऊन मानाने येतात. चढ अवघड, पाऊस बारीक, आणि टाळांचा आवाज कड्यावर आपटून दुप्पट होणारा. घाटमाथ्यावर आलं की वारकरी मागे वळून एकदा पुण्याकडे बघतात, मग सासवडची वाट धरतात. उद्या सोपानकाकांची पालखी सासवडहून निघेल.

मुलगी कडेवर घेतलेल्या एका बाईंना पाणी दिलं. परभणीकडच्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, एवढा डोंगर चढला की पंढरी जवळ आल्यासारखी वाटते बघा." पंढरपूर अजून दोन आठवड्यांच्या वाटेवर, पण त्यांच्या बोलण्याला डोंगराचाही आधार आहे. धारेच्या उत्तरेचं पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळतं. दक्षिणेचं कऱ्हेतून नीरेत आणि नीरेतून भीमेत जातं. शेवटी दोन्ही पाणी चंद्रभागा होऊन पंढरपुरासमोरून वाहतं. घाटात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या दोन्ही हातांना पंढरीला जाणारं पाणी आहे.

२८ जुलै, सोनोरीचा माळ

माळ ओळखू येईना. आषाढ आमरी फुलली आहे: जमिनीला चिकटून एकच गोल पान, त्यातून वर आलेला दांडा आणि त्यावर पांढरी फुलं. वर्षभर ही कंदाच्या रूपाने मातीत झोपून असते. माळ नांगरला, मुरूम उचलला किंवा खड्डे पाडून सरसकट रोपं लावली, की ती कायमची जाते. गप्पीदास कुंपणाच्या तारेवर, चंडोल आभाळात उंच जाऊन गात असलेला.

पायथ्याला वाटाण्याची रानं हिरवीगार. पुरंदरचा पावसाळी वाटाणा पुण्या-मुंबईच्या बाजारात जातो. एका रानात खुरपणी चालू होती. बांधावर बसून चहा झाला. त्या घरच्या आजींना विचारलं, "पाऊस पुरे का?" त्या म्हणाल्या, "पिकाला पुरतोय. विहिरीला कमीच." पुरंदर तालुका पर्जन्यछायेत येतो. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस इथे पोचेपर्यंत पार दमतो. पिकाचा पाऊस आणि विहिरीचा पाऊस वेगळा, हे इथल्या प्रत्येक घराला कळतं. शिवारावर पडतो तो पिकाचा; डोंगरावर पडून मुरतो तो विहिरीचा.

१९ ऑगस्ट, भुलेश्वर

श्रावणी सोमवार. मालशिरसच्या वर धारेच्या पूर्व टोकाला हे यादवकालीन देऊळ. बाहेरून तट आणि घुमट दिसतात. अंधाऱ्या चिंचोळ्या जिन्याने वर गेलं की एकदम कोरीव काळ्या दगडांची दुनिया उघडते. स्त्रीरूपातला गणेश इथे आहे. कितीतरी मूर्ती फोडलेल्या, तरी उरलेल्यांच्या बोटांची नखं आणि दागिन्यांचे मणी मोजता यावेत इतकं बारीक काम. ज्या फत्तराने हा डोंगर झाला त्याच जातीच्या फत्तरातून हे कोरलं. पाथरवटाने छिद्राचा दगड टाळून घट्ट थर निवडला, तेव्हा कुठे त्यातून नख कोरता आलं.

देवळाभोवती दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेष आहेत. आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने सतराव्या शतकात तो बांधला. बुरुजावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे नजर फिरवली की पावसाची उतरण डोळ्यांना दिसते. सिंहगडाकडचं टोक ओलंचिंब हिरवं. इथलं गवत घोट्याएवढं. पलीकडे सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली घोषित झालेलं, अवघं पाच चौरस किलोमीटरचं. तिथले चिंकारा अशाच खुरट्या गवतावर आणि बोरी-बाभळींवर जगतात. एकाच रांगेच्या दोन टोकांना दोन वेगळी हवामानं आहेत, आणि दोन्हीकडे जगणं ठरतं ते गवतावरून.

२९ सप्टेंबर, काळेवाडी ते गड

सोनकीने उतार पिवळे केले, मध्ये तेरड्याचे गुलाबी पट्टे. गवत कमरेएवढं. पवना आणि मारवेल हे जनावरांना मानवणारं गवत. कुसळी पुढे महिनाभराने कपड्यांत घुसून हैराण करील. गवताचा गड्डा उपटून बघायचा मोह आवरला आणि ओघळीच्या कापल्या काठावर त्याच्या मुळ्या बघितल्या: वीतभर जाड मातीला त्यांनी चहूबाजूंनी विणून धरलं होतं. उतारावर माती टिकते ती या विणीमुळे, आणि माती टिकली तर पाणी थांबतं.

खाली सीताफळं आली आहेत. सासवडच्या बाजारात पहाटे पाट्या लागतात, डोळे मोठे झालेलं फळ निवडून वेगळं ठेवतात. सीताफळाला हलका मुरूम मानवतो, पाणी थोडं लागतं. डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याचं ते हक्काचं झाड. अंजिराचं तसं नाही, त्याला पाणी मोजून पण वेळेवर द्यावं लागतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन या मातीचं आणि या हवेचं आहे, म्हणजे पर्यायाने या डोंगराचं.

१७ नोव्हेंबर, दिव्याजवळ

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे पश्चिमेला निघाले. एका रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं बसवली होती. रात्रभर मेंढरं बसली की लेंडीचं खत रानाला मिळतं, मालक त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. वाड्यातले मामा धारेकडे हात करून म्हणाले, "पूर्वी वर चार दिवस राहायचो. आता वर कुठं प्लॉट, कुठं खाण. वाटच मिळत नाही." त्यांचं खरं आहे. पुण्याच्या बाजूने डोंगराला खडीसाठी आणि मुरुमासाठी लचके बसले आहेत, सोंडांवर तारेची कुंपणं आली आहेत. मेंढपाळाची वाट तुटली की रानाचं खतही तुटतं.

परतताना पुरंदर उपसा योजनेबद्दल बोलणं निघालं. मुळा-मुठेचं पाणी पंपांनी उचलून याच धारेवरून अलीकडे आणतात आणि पुरंदरच्या रानांना देतात. त्या पाण्यावर कितीतरी शिवारं उभी आहेत, त्याचं मोल मोठं. पण ते पुणे शहरातून वाहून आलेलं, सांडपाणी मिसळलेलं पाणी, आणि ते चढवायला विजेचं बिल भरावं लागतं. आपल्याच डोंगरावर पडलेलं स्वच्छ पाणी उताराने, फुकट येतं. ते आधी अडवावं आणि कमी पडेल तेवढं उचलावं, हा साधा हिशेब गावोगावच्या ग्रामसभेत मांडला गेला पाहिजे.

१२ जानेवारी, नीरा नरसिंहपूर

धारेवर वाटलं गेलेलं पाणी पुन्हा भेटतं ती जागा बघायला आज इंदापूर तालुक्याच्या टोकाला आले. उत्तरेचं पाणी रांजणगाव सांडसला भीमेत शिरून उजनीच्या जलाशयातून आलेलं. दक्षिणेचं पाणी सासवड, जेजुरी करत कऱ्हेने सोनगावला नीरेत सोडलेलं. लक्ष्मीनरसिंहाच्या देवळाखाली नीरा आणि भीमा मिळतात. घाटावर पाय सोडून बराच वेळ बसले. मल्हारगडाच्या तटावर एका हाताच्या अंतराने पडलेले दोन थेंब शेकडो गावांचं रान भिजवून इथे एकत्र येतात. कऱ्हेकडून येणारा वाटा मात्र वर्षातले कितीतरी महिने येतच नाही. सासवडच्या संगमेश्वराखाली डिसेंबरातच नदीचे दगड उघडे पडले होते.

९ फेब्रुवारी, मल्हारगडाखाली

रात्री घरच्या गच्चीवरून धारेवर तांबडी रेघ दिसली. वणवा. सकाळी तो शेजारचा मुलगा आणि मी वर गेलो. गावातली पोरं रात्रभर ओल्या फांद्यांनी आग झोडपत होती, त्यांच्यामुळे सोनोरीकडचा उतार वाचला. पलीकडची सोंड काळी पडली होती. हे वणवे आपोआप लागत नाहीत. कोणी विडी टाकतं, कोणी सहलीला येऊन चूल पेटती ठेवून जातं, आणि जाळलं की गवत जोमाने येतं या समजुतीने कोणी मुद्दाम काडी लावतं. उलट वरचं आच्छादन जळून जातं, बी जळतं, घरट्यातली अंडी जळतात, आणि जूनच्या पहिल्या पावसाला अडवायला उतारावर काहीच उरत नाही. मग माती ओघळीतून शेतात, शेतातून नदीत आणि नदीतून धरणाच्या तळाला जाऊन बसते.

मुलाने विचारलं, "मग आपण काय करायचं?" त्याला सांगितलं तेच इथे लिहून ठेवते. तुमच्या गावाला जो डोंगर असेल त्याच्या माथ्यावर एकदा जाऊन पाणी कुठे कुठे वळतं ते बघा. डोंगरावर काडी लावू नका, लावणाऱ्याला अडवा. दिवाळीनंतर गावाने मिळून आग अडवायला जाळरेषा काढा, मेच्या आत चर साफ करा, आणि गवताच्या माळाला पडीक म्हणू नका. विहिरीचं पाणी विहिरीत तयार होत नाही. ते डोंगरावर, गवताच्या मुळाशी तयार होतं.