दहाव्या मोसमातली शंभरी

अमीर अब्दुल्लाह अलाबामातल्या होमवुडचा, नऊ भावंडांत धाकटा. अमेरिकन फुटबॉलमध्ये तो रनिंग बॅक. म्हणजे चेंडू काखेत घट्ट धरून पहाडासारख्या माणसांतून वाट काढणारा. नेब्रास्का विद्यापीठात त्याने 4,588 यार्ड मारले. 2015 साली डेट्रॉइटने त्याला 54 व्या क्रमांकावर घेतलं, 2018 मध्ये सोडून दिलं. पुढे मिनेसोटा, कॅरोलायना, लास वेगास.

इथल्या आम्हा मराठी मुसलमानांना तो खरा आवडू लागला तो यानंतर. क्वार्टरबॅकवर येणारा धक्का अंगावर घ्यायचा, किकनंतर समोरच्याला अडवायला जीव तोडून पळायचं. ही कामं टीव्हीवर पुन्हा दाखवत नाहीत. गावाकडच्या कारखान्यांत असे चाचा-मामू आम्ही पाहिलेत. बढतीच्या यादीत त्यांचं नाव नसायचं. मशीन अडलं की मात्र रात्री घरी निरोप यायचा.

2014 साली दुसऱ्या एका अब्दुल्लाहने, हुसैनने, टचडाउननंतर सजदा केला आणि पंचांनी दंड लावला. दुसऱ्या दिवशी लीगने तो चुकीचा ठरवला. आमच्यात आठवडाभर तीच चर्चा. अमीरबद्दल अशी चर्चा झाली नाही. तो कामावर जात राहिला.

29 डिसेंबर 2024, न्यू ऑर्लिन्स. वीस वेळा चेंडू, 115 यार्ड. दहाव्या मोसमात पहिली शंभरी! आम्ही एवढे ओरडलो की शेजारी दारात आले.

सकाळी रत्नागिरीला अब्बांना फोनवर सांगितलं. यार्ड त्यांना कळले नाहीत, दहा वर्षं कळली.

"मग पगार वाढला काय त्याचा?"