कलम ५२ आणि वडिलांची चेतक

वडिलांची १९८६ सालची चेतक ते गेल्यानंतर आम्हां भावांकडे आली. नोंदणी पुस्तकात धाकट्याचे नाव रीतसर चढले; खरा पेच पुढेच होता. क्रँककेसला तडा गेला आणि आमचे जुने मिस्त्री म्हणाले, "दादा, दुसरं इंजिन टाकू. एक पडलंय बाजारात. नंबर घासलेला आहे, पण बघतंय कोण?"

घासलेला क्रमांक! म्हणजे ते कुणाच्या तरी गाडीतून, बहुधा मालकाच्या नकळत, उतरवलेले. विजेचे बिलसुद्धा कधी मुदतीबाहेर न भरलेल्या माणसाच्या गाडीत असला माल बसवणे आम्हांस मानवेना.

मग आम्ही कायदा वाचला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ सांगते की, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हेच कठोरपणे बजावले. त्याच जातीचे इंजिन बसवायला मात्र वाट आहे. नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी. मान्यतेवाचून बदल झालाच, तर १४ दिवसांच्या आत कळवून नोंद करून घ्यावी.

गंमत अशी की, चेतकला वेगळी चासी नसतेच. व्हेस्पाच्या घराण्यातली ती. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा, आणि चासी क्रमांक त्यावरच ठोकलेला. कायद्याच्या लेखी आमची स्कूटर म्हणजे तो पत्रा. आमच्या लेखी ती म्हणजे इंजिनाचा आवाज. संध्याकाळी तो गल्लीच्या तोंडाशी आला की आम्ही पत्ते लपवून पुस्तके उघडत असू.

अखेर नोंदणी रद्द झालेल्या एका चेतकचे इंजिन पावतीसकट मिळाले. पैसे बरेच जास्त पडले आणि मिस्त्री आमच्यावर महिनाभर रुसले. (२०२१ च्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणी देऊ केली आहे, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. २०३६ साली आमची चेतक त्यात बसेल, अशी आशा आम्ही सोडली.)

तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी पत्र्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली. जुने आकडे स्वच्छ उमटले. मग नव्या इंजिनाचा क्रमांक टिपून घेतला.

जुने इंजिन धाकट्याने माळ्यावर ठेवले आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला.