कात्री चावते तेव्हा

थंडीच्या तोंडावर गोधडी शिवायला काढलीय. आईच्या जुन्या लुगड्याला कात्री लावली, तर कापड कापायचं सोडून चावायलाच लागली. नातवाने हिनेच वहीचे पुठ्ठे कापले असणार! कागदाने धार जाते, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

चार पदरांत सुईही अडली. आजीसारखी केसांतून फिरवली. तेल लागताच सळकन गेली. अकोल्याच्या पावसात सुया गंजायच्या, म्हणून आजी त्या तेलकट चिंधीत गुंडाळून ठेवी.

उद्या नगरला जायचंय. (2024 पासून अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय.) कात्री घेऊन जाईन. धारवाल्याला बजावायचं: दादा, तिरकी कडच घास, पात्याची आतली सपाट बाजू नको. मागच्या वेळी एकाने तीच घासली होती.